अपील झालं नाही

खांबसाहेबांचं खरं नाव पाणीपुरवठा खात्याच्या हजेरीपटावर होतं आणि ते तिथेच राहिलं. मैदानावर त्यांना सगळे खांब म्हणत. तीन दिवसांच्या सामन्यात सकाळी दहाला पंच म्हणून उभा राहिलेला हा माणूस संध्याकाळपर्यंत पाठ वाकवत नाही, नाकावर माशी बसली तरी चेंडू संपेपर्यंत हाकलत नाही, म्हणून खांब. पुढे केस पिकले तेव्हा लोकांनी आदरानं साहेब जोडलं. त्यांना स्वतःला ते नाव मनापासून आवडायचं. बायकोला आवडायचं नाही. "खांबाशी संसार केलाय मी," असं ती शेजारणींना हसत सांगायची, पण त्या हसण्यात काही राम नसायचा.

सोमवार ते गुरुवार ते खात्याच्या कार्यशाळेत एका लांब बाकावर बसून बंद पडलेले पाण्याचे मीटर उघडायचे. आतली गाळानं धरलेली चकती काढायची, घासायची, पुन्हा बसवून पाणी सोडून बघायची. शुक्रवारची रजा टाकायची आणि तीन दिवस मैदानावर जायचं. एकतीस वर्षं असंच चाललं. मोठे सामने त्यांच्या वाट्याला कधी आले नाहीत. कारखान्यांचे, बँकांचे, जुन्या क्लबांचे तीन दिवसांचे साखळी सामने, तेवढंच. पण तिथे त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

वीस षटकांच्या सामन्याला ते चुकूनही उभे राहत नसत. "तो खेळ नाही. ते जेवण न करताच ढेकर देणं आहे," म्हणायचे. खरा खेळ तीन दिवसांचा, आणि त्यातून आयुष्याचं सगळं शिकता येतं, असं त्यांचं ठाम मत होतं. नुसतं मत असतं तर चाललं असतं, पण ते ज्याला त्याला पाजायची त्यांना खोड होती. कार्यशाळेतल्या फिटरचं भावाशी बिनसलं, की "पहिला तास बोलरला द्यायचा, उरलेला दिवस आपला." न्हाव्याचा मुलगा नापास झाला, की "दुसरा डाव असतो ना राव." शेजारी खालच्या मजल्यावरच्यांशी भांडायला निघाला, की "सोडलेला चेंडू हाही खेळलेलाच चेंडू." आणि गंमत म्हणजे बहुतेकदा ते खरं ठरायचं. फिटरचा भाऊ परत आला, न्हाव्याचा मुलगा पास झाला. त्यामुळे खांबसाहेबांचा स्वतःच्या शहाणपणावरचा विश्वास वाढतच गेला. माणसाला त्याच्या चुका कमी बुडवतात, खरे ठरलेले सल्ले जास्त बुडवतात, हे त्यांना कोणी सांगितलं नाही.

या सगळ्यात त्यांना अतिशय प्रिय असा एक नियम होता. क्रिकेटमध्ये फलंदाज बाद आहे हे पंचाला लख्ख दिसलं, तरी क्षेत्ररक्षण करणाऱ्यांपैकी कोणीतरी अपील केल्याशिवाय पंच त्याला बाद देऊ शकत नाही. कोणी विचारलंच नाही तर पंचानं गप्प राहायचं. आणि गोलंदाज पुढच्या चेंडूसाठी धावायला लागला, की मागच्या चेंडूचं अपील मेलं. खांबसाहेबांनी असे चेंडू शेकड्यांनी पाहिले होते. बॅटची बारीक कड घेऊन गेलेला, पण कुणाच्या कानावर न पडलेला झेल. चक्क मधल्या यष्टीसमोर पायावर आदळलेला, पण गोलंदाजच घसरून पडल्यामुळे कुणी न मागितलेला बळी. ते सगळं पाहायचे आणि पापणी न हलवता खिशातला एक खडा डावीकडून उजवीकडे टाकायचे, म्हणजे चेंडू मोजला. "पंचाचं काम बघणं. विचारल्याशिवाय बोलणं हे पंचाचं काम नाही," असं ते अभिमानानं सांगत.

त्यांना एकच मुलगी. लहानपणी ती धावा लिहिणाऱ्यांच्या टेबलाशेजारी बसून शाळेचा अभ्यास करायची आणि नवव्या वर्षी तिला पायचीतचा नियम कुठल्याही कर्णधारापेक्षा चांगला यायचा. मोठी झाली, शिकली, एका दातांच्या डॉक्टरांकडे मदतनीस म्हणून लागली. मग लग्नाचं बघायला हवं, असं आईनं म्हटल्यावर खांबसाहेबांनी शांतपणे सांगितलं, की मुलगा मी बघून ठेवलाय.

कुठे बघितला? मैदानावर. रंगाच्या कारखान्याचा सलामीचा फलंदाज होता तो. एकसष्टवर खेळत होता, संघ अडचणीत होता, आणि एका चेंडूनं त्याच्या बॅटला निसटता स्पर्श केला. यष्टिरक्षकालाही कळलं नाही. गोलंदाज परत फिरला होता. खांबसाहेबांना तेवढं कळलं होतं, पण अपील नव्हतं. आणि त्या मुलानं बॅट काखेत मारली आणि मुकाट्यानं तंबूची वाट धरली. खांबसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या रात्री त्यांनी बायकोला सांगितलं, "जो माणूस कुणी न विचारता आपण बाद आहोत म्हणतो, तो आयुष्यात कुणाला फसवणार नाही. तीन दिवसांच्या खेळात माणूस उघडा पडतो. एका तासात काय, सगळेच सज्जन असतात."

"बघायला माणसं होती की नाही तिथे?" बायकोनं विचारलं.

"दोन-तीनशे असतील. का?"

"काही नाही. घरात कुणी नसतं बघायला, म्हणून म्हटलं."

ते हसले. बायकांना खेळातलं काय कळणार, असं तेव्हा त्यांना वाटलं. खेळातलं नसेलही कळत, पण माणसातलं तिला कळत होतं. लग्न झालं. मुलगी बसनं चार तासांवरच्या गावी, तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत राहायला गेली.

लग्नानंतरच्या पहिल्या मार्चमध्ये ती चार दिवस माहेरी आली. महिन्यातल्या दुसऱ्या रविवारची दुपार, त्या आठवड्यात सामना नव्हता. जेवताना तिनं मिठाच्या भांड्यासाठी हात लांब केला आणि बाही वर सरकली. दंडावर एका बाजूला चार निळे डाग, ओळीनं. दुसऱ्या बाजूला एक, जरा मोठा. बावीस यार्डांवरून चेंडूची शिवण कुठल्या बाजूला वळतेय हे ओळखणाऱ्या माणसाला दीड हातावरची बोटं ओळखायला किती वेळ लागणार? तिनं बाही खाली ओढली. खांबसाहेबांनी मान खाली घालून घास घेतला. ती काही म्हणाली नव्हती.

रात्रभर ते जागे होते. दंड धरायची हजार कारणं असतात, जिन्यात तोल गेला असेल आणि त्यानंच सावरलं असेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं. संशयाचा फायदा फलंदाजाला. हाही नियमच होता, आणि जावई फलंदाज होता.

सप्टेंबरमध्ये ती आली तेव्हा उजव्या हाताला पट्टी होती. बाथरूममध्ये पाय घसरला, म्हणाली. घसरणारा माणूस तळवा टेकतो, लागतं ते तळव्याला. हिची सूज हाताच्या मागच्या बाजूला होती. खांबसाहेबांनी तेही पाहिलं.

या वेळी बायकोनं त्यांना गच्चीवर गाठलं. "मी विचारलं तर घसरले म्हणते. तुम्ही विचारा. तुमच्याशी ती खोटं बोलणार नाही."

"ती काही म्हणालीय का?"

"म्हणाली असती तर तुमच्याकडे कशाला आले असते?"

"मग आपण होऊन कसं विचारायचं? तिचा संसार आहे. तिला सांगायचं असेल तेव्हा ती सांगेल. नव्या चेंडूचा काळ असतो हा, थोडा कठीण जातो."

"अहो, ती पोरगी आहे आपली. चेंडू-फळी कसली काढताय?" बायकोचा आवाज चढला. मग तिनं खाली बघितलं आणि आवाज उतरवला. "माझी शपथ आहे तुम्हाला. विचारा."

त्यांनी विचारायचं ठरवलंही. संध्याकाळी लेकीच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. तिनं वर बघून विचारलं, "काय बाबा?" आणि ते म्हणाले, "काही नाही. पंखा आवाज करतोय का बघत होतो." पंखा बंद होता. इथे मला या माणसाचा राग येतो. एकतीस वर्षं भर मैदानात अकरा जणांच्या ओरडण्याला न घाबरलेला हा माणूस स्वतःच्या लेकीला एक प्रश्न विचारायला घाबरला, आणि त्या भित्रेपणाला त्यानं नियमाचं नाव दिलं.

पुढच्या वर्षी जानेवारीत ती न कळवता आली, मोठी बॅग घेऊन. गुरुवार होता. आई काही विचारायच्या आत म्हणाली, "सहज आले." सहज आलेली माणसं लोकरीचे कपडे आणि शाळा-कॉलेजची प्रमाणपत्रं घेऊन येत नाहीत. आणि डाव्या बाजूनं हाक मारली की तिला ऐकू येत नव्हतं. ती मान वळवून उजवा कान पुढे करायची. खांबसाहेबांच्या हे पहिल्या दहा मिनिटांत लक्षात आलं.

तीन दिवस ते सामन्यावर गेले. सोमवारी संध्याकाळी ते गच्चीवर बुटांना पांढरा रंग लावत बसले होते. ती येऊन शेजारी बसली.

"बाबा, एखादा बॅट्समन चालू डावातून आपणहून निघून गेला तर त्याला परत खेळता येतं?"

खांबसाहेबांचा हात थांबला. मग पुन्हा चालू झाला. "जखमी होऊन गेला तर येतं. उगाचच गेला, तर समोरच्या कर्णधाराच्या परवानगीशिवाय नाही."

"आणि जखमी आहे की नाही, ते कोण ठरवतं?"

"त्यानं सांगायचं. तो सांगेल तेच धरायचं."

ते वाट बघत राहिले. मनातून ते अक्षरशः हात जोडून वाट बघत होते, की बोल बाई, एक शब्द बोल, म्हणजे मी उठतो. तीही वाट बघत असेल, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नाही. खालच्या रस्त्यावरून कुणीतरी स्कूटर ढकलत नेली. मग न राहवून त्यांनीच तोंड उघडलं, आणि आयुष्यभर जे तोंडात बसलं होतं तेच बाहेर पडलं. "बघ बाळा, दिवस मोठा असतो. एक तास वाईट गेला म्हणून कुणी बॅट टाकत नाही. तग धरायचा. चेंडू जुना होतो, बोलर दमतात, मग सगळं सोपं होतं."

"किती वेळ तग धरायचा?"

"जेवणापर्यंत. मग चहापर्यंत. असं तुकड्या-तुकड्यानं काढायचं."

"बरं," ती म्हणाली. बुधवारी ते स्वतः तिला स्टँडवर घेऊन गेले, खिडकीजवळची जागा धरली, बॅग वर ठेवली, आणि प्रवासात लागेल म्हणून पाण्याची बाटली दिली. बस निघाल्यावर त्यांना हलकं वाटलं. पोरगी माझी आहे, तग धरेल, असं ते घरी येऊन म्हणाले. बायको त्यांच्याशी दोन दिवस बोलली नाही.

मग नोव्हेंबर. जुन्या क्लबचा सामना, दुसरा दिवस, जेवणानंतरचा खेळ. खांबसाहेब गोलंदाजाच्या टोकाला उभे होते आणि सीमारेषेपाशी त्यांना बायको दिसली. एकतीस वर्षांत ती मैदानावर आली नव्हती. घरातल्याच साडीवर, पायात दोन वेगवेगळ्या चपला. त्यांना कळलं. काय झालं ते नाही, पण कुणाचं झालं ते कळलं. षटकाचे दोन चेंडू बाकी होते. त्यांनी ते दोन चेंडू पुरे केले, खडे मोजले, षटक संपल्याचं सांगितलं आणि मग निघाले. बायकोनं ते दोन चेंडू पाहिले. त्याबद्दल ती पुढे कधीही बोलली नाही, पण तिला विसरही पडला नाही.

चार तासांच्या प्रवासात, लेकीची शेजारीण फोनवर म्हणाली होती तेवढंच त्यांना ठाऊक होतं. जिन्यावरून पडली, हॉस्पिटलात आहे, शुद्धीवर आहे.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात एक लांब लाकडी बाक होतं, त्यावर वाट बघणारी माणसं दाटीवाटीनं बसली होती. त्यात जावई, मांडीवर चहाचा थर्मास घेऊन. त्यांना बघून तो उभा राहिला. दाढी नीट, शर्ट इस्त्रीचा. "बाबा, फार घाबरलो हो मी," म्हणाला. "प्रवासानं दमला असाल. पाणी आणू?" खांबसाहेबांनी त्याच्या हाताकडे पाहिलं. उजव्या हाताची मधली दोन बोटं सुजली होती.

आत लेक पडून होती. उजव्या बाजूचं गळपट्टीचं हाड मोडलं होतं, दोन फासळ्यांना तडे, आणि डाव्या कानाचा पडदा आधीपासूनच फाटलेला, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. जिना चढता-उतरता पडलं की असं होऊ शकतं. होऊ शकतं, यावर त्यांनी जरा जास्तच जोर दिला. कानाचं मात्र जिन्यानं होत नाही, म्हणून त्यांनी पोलिसांना कळवलं होतं.

थोड्या वेळानं एक पोलीस बाई आल्या. खुर्ची ओढून पलंगाशी बसल्या, वही उघडली. चांगल्या होत्या, घाई करत नव्हत्या. "ताई, घाबरू नका. कुणी ढकललं का?"

"नाही. पाय घसरला."

"कान?"

"लहानपणापासून आहे तसा."

आईनं तोंडाला पदर लावला. पोलीस बाईंनी एकदा आईकडे, एकदा लेकीकडे पाहिलं आणि सुस्कारा टाकला. "मग मी घसरल्याची नोंद करते. इथे सही करा. एकदा सही झाली की मला पुढे काही करता येणार नाही, हे लक्षात घ्या." त्यांनी पेन पुढे केलं. लेकीनं डावा हात उचलला.

खांबसाहेब पायथ्याशी उभे होते. ही सही झाली की तो थर्मास घेतलेला माणूस तिला घरी घेऊन जाणार, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. लेक काही म्हणाली नव्हती. आत्ताही म्हणत नव्हती.

"सही घेऊ नका," ते म्हणाले.

"तुम्ही कोण?"

"मी बाप आहे. ती खोटं सांगतेय."

आणि मग ते बोलायला लागले. लग्नानंतरचा पहिला मार्च, दुसरा रविवार, दुपारचं जेवण, उजव्या दंडावर चार डाग बाहेरून आणि एक आतून. सप्टेंबर, तारीख एकोणीस, उजव्या हाताची मागची बाजू, पट्टी घरी बांधलेली, डॉक्टरची नाही. जानेवारी, गुरुवार, डाव्या कानानं ऐकू येत नव्हतं, मान वळवून ऐकत होती, त्याआधी तिचे दोन्ही कान खणखणीत होते, शाळेची तपासणी आहे. मेमध्ये नात्यातल्या एका लग्नाला भेटली तेव्हा हनुवटीखाली पावडर जास्त होती. आत्ता बाहेर बसलेल्या माणसाची दोन बोटं सुजलीयत, जाऊन बघा. आवाज तोच, सामन्यानंतर अहवाल देतानाचा, एक शब्द इकडचा तिकडे नाही. पोलीस बाईंचं पेन धावत होतं. बोलता बोलता खांबसाहेबांची छाती हलकी झाली. पावणेदोन वर्षांत पहिल्यांदा त्यांना वाटलं, की आपण वेळेवर आलो.

"हे सगळं तुम्हाला त्या त्या वेळी दिसलं होतं?" पोलीस बाईंनी न थांबता विचारलं.

"त्याच वेळी."

पेन थांबलं.

"बाबा," लेक म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक होता, फासळ्यांमुळे तिला मोठा श्वास घेता येत नव्हता. "तुम्हाला माहीत होतं?"

"तू काही बोलली नाहीस, बाळा. मी वाट बघत होतो."

"मी लपवत होते. तुम्हाला कळलं तर तुम्ही त्याच पावली याल, त्याला काही कराल, आणि तुमचंच काहीतरी होऊन बसेल, म्हणून लपवत होते." ती थांबली, श्वास घेतला. "मार बसायचा ना, तेव्हा मी मनात म्हणायचे, बाबांना अजून माहीत नाही. कळलं की येतील. फारच झालं की सांगू. एवढ्यावर काढले हो मी इतके दिवस."

खांबसाहेब पलंगाच्या लोखंडी दांडीला धरून उभे होते. त्यांना पुढे जाऊन तिच्या कपाळावर हात ठेवायचा होता. त्यांनी एक पाऊल टाकलं.

तिनं मान भिंतीकडे वळवली. "मॅडम, ते आधीचं खोडा," ती म्हणाली. "मी सांगते सगळं. आई इथे बसू दे. बाबांना बाहेर जायला सांगा."

पोलीस बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. बायकोनंही पाहिलं, आणि मग तिनंच उठून त्यांच्यासाठी दार उघडलं. ते बाहेर आले आणि मागून दार लागलं, कडीचा आवाज झाला.

व्हरांड्यात गर्दी तशीच होती. बाकावर एकच जागा मोकळी होती. जावई थर्मास घेऊन थोडा सरकला आणि बाकावर हात थोपटून म्हणाला, "बसा ना, बाबा."